संदेश पोचला म्हणजे नेमके काय झाले?

डी.एड. किंवा बी.एड.चा अभ्यास केलेल्या कोणत्याही शिक्षकाला एक आकृती डोळे मिटून काढता येते. डावीकडे एक चौकोन, त्यात लिहायचे 'प्रेषक'. उजवीकडे दुसरा चौकोन, त्यात 'ग्राहक'. दोहोंना जोडणारा बाण म्हणजे 'संदेश'. बाणावर एक नागमोडी रेघ मारली की तो झाला 'अडथळा'. उजवीकडून डावीकडे परत येणारा तुटक बाण काढला की झाले 'प्रत्याभरण'. संज्ञापनाची प्रक्रिया आकृतीसह स्पष्ट करा, या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळतात. आता तर विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतही हीच आकृती दाखवली जाते.

या लेखात आम्ही या आकृतीची झडती घेणार आहोत. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. ती अपुरी आहे, आणि अपुरी गोष्ट पूर्ण म्हणून शिकवली की तिचे परिणाम वर्गात तर दिसतातच, पण वर्गाबाहेर, माणसांच्या जिवाशी गाठ असते तिथेही दिसतात. वर्गाबाहेरचे उदाहरण म्हणून आम्ही मुंबई उपनगरातले माहुल घेतले आहे. आधी आकृतीकडे पाहू, मग माहुलला जाऊ.

आकृती आली कुठून?

ही आकृती मुळात माणसांसाठी काढलेली नव्हती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली ती मांडली. त्याच्यापुढचा प्रश्न टेलिफोन आणि तारायंत्राचा होता. तारेच्या एका टोकाला टाकलेली चिन्हांची मालिका, तारेत खरखर असताना, दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी कशी मिळवायची? त्यासाठी किमान किती चिन्हे पाठवावी लागतील? या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांपैकी एक आहे. आज मोबाइलवर बोलणे, अंतराळयानाकडून चित्रे मिळवणे, हे सारे त्या उत्तरावर उभे आहे.

त्या उत्तरातला एक भाग वर्गात सहज दाखवता येतो. फळ्यावर लिहा : 'उद्या शा_ेला सु_्टी आहे.' दोन अक्षरे गाळली तरी वाक्य वाचता येते. भाषेत लागते त्याहून जास्त चिन्हे असतात, म्हणून थोडी हरवली तरी चालते. फोनवर नाव सांगताना आपण 'ब बदकाचा' म्हणतो तेही हेच. खरखर जास्त असेल तर जास्तीची चिन्हे पाठवायची. इथपर्यंत आकृती चोख काम करते.

पण शॅननने निबंधाच्या आरंभीच एक मर्यादा घालून घेतली होती. संदेशाचा अर्थ काय, याच्याशी आपल्या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, असे त्याने स्पष्ट केले होते. तारेतून प्रेमपत्र जाते आहे की बाजारभाव, याची तारेला फिकीर नसते. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, हा निबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा वॉरन वीव्हर याने त्याला एक लेख जोडला. त्यात त्याने प्रश्नाचे तीन थर सांगितले. चिन्हे बिनचूक पोचली का, हा पहिला थर. अभिप्रेत अर्थ पोचला का, हा दुसरा. आणि त्याचा वागण्यावर परिणाम झाला का, हा तिसरा. शॅननचे गणित पहिल्या थराचे होते. पुढे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी पहिल्या थराची आकृती उचलली आणि तीच तिन्ही थरांना चिकटवून टाकली. चूक झाली ती इथे.

डोक्यातून डोक्यात काही जात नाही

बाण पाहिला की वाटते, अर्थ ही एक वस्तू आहे. ती प्रेषकाच्या डोक्यातून निघते, शब्दांच्या पाकिटात बसते आणि ग्राहकाच्या डोक्यात उतरते. आपली भाषाही याच समजुतीला खतपाणी घालते. आपण म्हणतो, 'माझा मुद्दा पोचला', 'त्याच्या डोक्यात शिरत नाही', 'चार शब्दांत मांडले'. जणू मुद्दा म्हणजे टपालाने धाडायचे पार्सल.

प्रत्यक्षात तसे काहीही जात नाही. कानावर पडतात त्या हवेतल्या कंपनलहरी, डोळ्यांवर पडतो तो प्रकाश. अर्थ ज्याचा त्याला आपल्या डोक्यात उभा करावा लागतो. बाई वर्गात येऊन म्हणतात, "काय उकडतंय!" मागच्या बाकावरची मुलगी उठून पंख्याचे बटण दाबते. बाईंच्या वाक्यात पंखा नव्हता, बटण नव्हते, विनंतीही नव्हती. मुलीने तीन गोष्टींचा मेळ घातला : बाईंचे वाक्य, वर्गातली परिस्थिती, आणि बाईंना काय हवे असावे याचा अंदाज. हेच वाक्य बाईंनी रस्त्यात भेटलेल्या शेजारणीला म्हटले असते तर ती फक्त "हो ना!" म्हणाली असती. शब्द तेच, अर्थ वेगळा.

पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९५७ साली ही गोष्ट नेटकेपणाने मांडली. बोलणाऱ्याचा हेतू ऐकणाऱ्याने ओळखणे, हा मानवी संज्ञापनाचा गाभा आहे. शब्द हे त्या ओळखीसाठी दिलेले पुरावे. पण मराठीच्या शिक्षकांना हे नवे वाटू नये. शब्दशक्तीच्या पाठात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना आपण शिकवतोच. 'सूर्य मावळला' या साध्या वाक्यातून गुराख्याने गुरे वळवायची, पुजाऱ्याने सायंपूजेला लागायचे आणि चोराने कामाला निघायचे, अशा प्रकारचे उदाहरण आपल्या साहित्यशास्त्रात कित्येक शतके चालत आले आहे. म्हणजे गंमत अशी की मराठीच्या तासाला आपण संज्ञापनाचा अधिक खोल सिद्धांत शिकवतो, आणि शिक्षणशास्त्राच्या तासाला तो विसरून बाण काढतो.

बाणाची आकृती किती फसवी आहे याचा एक सुंदर प्रयोग १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने केला. काही जणांना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायला सांगितला. ऐकणाऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना आधी विचारले, किती जण ओळखतील? त्यांचा अंदाज होता, निम्मे तरी. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. असे का? वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणे सुरांसह चालू असते, त्यामुळे त्याला आपली टकटक भरगच्च वाटते. ऐकणाऱ्याला मिळते ती नुसती टकटक. रोज तास घेणाऱ्या शिक्षकाने हा प्रयोग आठवणीत ठेवावा. बल म्हणजे काय, अपूर्णांक म्हणजे काय, हे आपल्या डोक्यात सुरांसह वाजत असते. आपण फळ्यावर टकटक करतो, आणि मूल ओळखत नाही तेव्हा दोष ग्राहकाच्या चौकोनात टाकतो.

'आँ?' या शब्दाची थोरवी

मग माणसांचे एकमेकांशी जमते तरी कसे? याचे उत्तर गेल्या काही दशकांत संभाषणे ध्वनिमुद्रित करून, त्यांतला क्षण न् क्षण मोजून मिळवले गेले आहे. २००९ साली दहा भाषांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांत सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाइतके होते. इतक्या वेळात ऐकून, समजून, वाक्य जुळवून बोलायला सुरुवात करणे शक्य नाही. म्हणजे ऐकणारा समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच त्याचा रोख ओळखून आपले उत्तर तयार करत असतो. तो स्वस्थ बसलेला 'ग्राहक' नसतो.

२०१५ साली बारा भाषांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की सहज गप्पांमध्ये सरासरी दर दीड मिनिटाच्या आत कोणीतरी दुसऱ्याला अडवून विचारतो : "आँ?", "कोण?", "म्हणजे काल ना?" बोलणारा लगेच दुरुस्ती करतो आणि गप्पा पुढे जातात. गैरसमज हा संभाषणातला अपवाद नाही, तो पदोपदी होतो. संभाषण टिकते ते गैरसमज होत नाहीत म्हणून नव्हे, तर तो तिथल्या तिथे निस्तरायची सोय असते म्हणून.

आकृतीतला तुटक बाण इथे लंगडा पडतो. प्रत्याभरण म्हणजे संदेश पोचल्यानंतरची पोचपावती नव्हे. ते बोलण्याच्या विणीतच असते : मान डोलावणे, कपाळाला आठी पडणे, 'हं', 'आँ?'. दोघे मिळून एक समाईक जमीन तयार करत जातात : हे तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे, आणि आपल्या दोघांना ते ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक आहे.

आता वर्ग आठवा. "समजलं का?" असे आपण विचारतो आणि साठ मुले एका सुरात "होऽऽ" म्हणतात. कोणी 'आँ?' म्हणत नाही. बरोबरीच्या माणसाला आपण दीड मिनिटात अडवतो. सरांना अडवायचे नसते. दुरुस्तीची सोय जिथे सर्वांत जास्त हवी, तिथेच ती सर्वांत कमी असते. आणि जे सरांपुढे मुलाचे होते, तेच साहेबांपुढे सामान्य माणसाचे होते. इथून आपण माहुलला जाऊ.

माहुल : धूर, वास आणि शब्द

चेंबूरच्या दक्षिणेला, तुर्भे टेकडीच्या पायथ्याशी, खाडीकाठी माहुल हे जुने कोळीवाड्याचे गाव आहे. १९५४-५५ मध्ये या परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पुढे खत कारखाना, वीजकेंद्र, रसायने आणि तेल साठवण्याच्या टाक्या आल्या. गाव होते तिथेच राहिले, त्याच्याभोवती हे सारे उभे झाले.

इथे संज्ञापनाच्या अभ्यासकाने एक भेद लक्षात घ्यावा. धूर दिसला की आग आहे असे आपण ताडतो. पण धुराला आपल्याला काही सांगायचे नसते. हे आपल्या न्यायदर्शनातले अनुमान. माणूस मात्र सांगतो, कळावे म्हणून सांगतो. ते शब्दप्रमाण. आता घरातल्या गॅसचा वास घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. हवेच्या अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाकाला ते जाणवते. म्हणजे हा वास निसर्गाची खूण नाही. तो माणसांनी माणसांसाठी ठरवलेला संदेश आहे : गॅस गळतो आहे, ज्योत पेटवू नका.

१९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री असाच वास चेंबूर, घाटकोपर, पवईपासून पश्चिम उपनगरांपर्यंत पसरला. अग्निशमन दलाचे आणि गॅस कंपनीचे फोन खणखणत राहिले. गॅस कंपनीने तपासून सांगितले की आमच्या वाहिन्यांत गळती नाही. ६ जून २०२० च्या रात्री पूर्व उपनगरांत पुन्हा तसेच झाले. चिन्ह हजारो नाकांपर्यंत बिनचूक पोचले होते. शॅननचा पहिला थर पार पडला होता. पण ते कोणी, कुठून धाडले आणि आता काय करायचे, हे ठाऊक नसल्याने त्याचा संदेश होऊ शकला नाही. उरली ती भीती.

माहुलच्या रहिवाशांना असे वास एका रात्रीपुरते येत नव्हते. डोळे चुरचुरतात, छाती भरून येते, अशा त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या. त्यांचे शब्द पोचले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. मग अडले कुठे?

एक अडचण नाकाची आहे. सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांत सरावते. तिथेच राहणाऱ्याला तुम्ही दुपारी विचारलेत, "आत्ता वास येतो का?", तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणू शकतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याने क्षणभर हुंगले तर त्यालाही रात्रीचे काही कळणार नाही.

दुसरी अडचण मापनाची आहे, आणि ती वरच्या वर्गातल्या मुलांकडून सोडवून घेण्यासारखी आहे. सल्फर डायऑक्साइडसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांत २४ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. समजा, एखाद्या ठिकाणी २२ तास हे प्रमाण २० राहिले आणि रात्री २ तास ६०० वर गेले. (हे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत.) सरासरी किती? २२ गुणिले २० म्हणजे ४४०, २ गुणिले ६०० म्हणजे १२००. बेरीज १६४०, भागिले २४, म्हणजे सुमारे ६८. मर्यादेच्या आत! पण जागतिक आरोग्य संघटनेने दहा मिनिटांसाठी सुचवलेली मर्यादा ५०० आहे, ती या दोन तासांत सतत ओलांडली गेली. रहिवासी म्हणतो, "रात्री जीव घाबरा होतो." कागद म्हणतो, "हवा मर्यादेत आहे." दोघेही खरे बोलत आहेत. एकाची भाषा शिखराची, दुसऱ्याची सरासरीची. इथे कोणीतरी 'आँ? म्हणजे रात्री किती वाजता?' असे विचारण्याची गरज असते. तो प्रश्न विचारला गेला तर मापनयंत्र योग्य वेळी लागते. नाही तर दोन खरी विधाने एकमेकांना खोटे ठरवत बसतात.

शब्द कोणाचा मानायचा?

२०१३ साली केईएम रुग्णालयाने या भागात आरोग्यपाहणी केली. सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले, सुमारे ८७ टक्क्यांनी डोळ्यांची जळजळ, सुमारे ८५ टक्क्यांनी छातीत कोंडल्यासारखे होणे. माहुल आणि आंबापाडा येथील रहिवासी राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. १८ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने नोंदवले की तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला जाणवण्याजोगा धोका आहे.

लक्षात घ्या, पाहणीतले आकडे म्हणजे तरी काय? लोकांचे तेच शब्द, मोजून मांडलेले. माझी छाती कोंडते, हे एका कोळणीने सांगितले तेव्हा ती तक्रार होती. शेकडा ८५ जण तेच म्हणाले आणि एका रुग्णालयाने ते लिहिले, तेव्हा तो पुरावा झाला. शब्द बदलले नव्हते, ते कोणाच्या नावावर आले हे बदलले होते. आकृतीत 'प्रेषक' हा एक रिकामा चौकोन असतो. खऱ्या जगात त्या चौकोनात कोण उभे आहे यावर संदेशाचे भवितव्य ठरते.

न्यायदर्शनाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. ज्याच्या शब्दाला प्रमाण मानायचे त्याला तिथे 'आप्त' म्हटले आहे. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तपण जातीवर, पदावर किंवा पदवीवर ठरत नाही. त्या विशिष्ट गोष्टीशी त्याचा थेट परिचय आहे का, यावर ठरते. स्वतःच्या छातीत रात्री काय होते याबाबत माहुलच्या रहिवाशाइतका आप्त दुसरा कोण असणार?

यावर विज्ञानाचा शिक्षक विचारील, आणि त्याने विचारायलाच हवे : मग कोणीही काहीही म्हटले तर खरे मानायचे का? नाही. छाती कोंडते, या अनुभवाबाबत रहिवासी आप्त आहे. कोणत्या वायूमुळे, कोणत्या धुराड्यातून, याबाबत तो आप्त नाही. तिथे नमुने घ्यावे लागतील, वाऱ्याची दिशा पाहावी लागेल. पण तपास कुठे, केव्हा, कशाचा करायचा हे अनुभव सांगतो. शब्द आणि आकडा हे प्रतिस्पर्धी नाहीत. शब्दाने प्रश्न द्यायचा, आकड्याने तो तपासायचा आणि उत्तर पुन्हा शब्द देणाऱ्याकडे न्यायचे, हा क्रम आहे.

आणि तिसरा थर? २०१५ मध्ये धोका लेखी नोंदला गेला. म्हणजे आकृतीच्या हिशेबाने संदेश निघाला, पोचला, पोचपावतीही मिळाली. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची घरे हटवली गेली तेव्हा हजारो कुटुंबांना माहुलच्या ७२ इमारतींच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत धाडण्यात आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांतले रहिवासी विद्याविहारला येऊन, जलवाहिनीजवळच पदपथावर बसले. अर्ज आणि मोर्चे शब्दांत बोलतात. ही माणसे जागेने बोलत होती : जिथून उठवले तिथे येऊन बसणे. व्यंजनेचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करू नये आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे असा आदेश दिला.

'ऐकले' आणि 'ऐकून घेतले' यांत मराठीने फरक केला आहे. बाणाच्या आकृतीत तो करता येत नाही.

भोंगा वाजला, पुढे?

हा विषय केवळ तात्त्विक नाही. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्याने आजूबाजूच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि घ्यायची काळजी यांची माहिती द्यावी, असे १९८९ चे केंद्राचे नियम सांगतात. हे नियम भोपाळनंतरचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला तेव्हा ओले फडके तोंडावर धरावे, एवढी साधी सूचनाही आसपासच्या वस्तीला आधी मिळालेली नव्हती. अशा वेळी भोंगा म्हणजे नुसती टकटक. गाणे कोणालाच ठाऊक नसते.

८ ऑगस्ट २०१८ रोजी माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि चाळीसहून अधिक जण जखमी झाले. स्फोटाचा आवाज ही खूण होती. ती ऐकून काय ताडायचे ते ज्याने त्याने ताडले. अशा परिसरातल्या शाळेत माहितीपत्रक वाटले, फलक लावला, म्हणजे माहिती 'दिली' असे बाणाच्या हिशेबाने म्हणता येईल. आम्ही ते मानणार नाही. भोंगा वाजल्यावर खिडक्या लावायच्या की मैदानात पळायचे, वारा कुठून येतो हे कसे पाहायचे, धाकट्या भावंडाला कोणी घ्यायचे, हे चौथीतल्या मुलीने आपल्या शब्दांत सांगितले आणि एकदा करून दाखवले, तरच ती माहिती पोचली. तोवर नाही.

वर्गात करून पाहावे असे काही

१. टकटक : दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकाने माहितीतल्या गाण्याचा ठेका बाकावर वाजवावा. किती जण ओळखतील याचा अंदाज आधी फळ्यावर लिहून ठेवा. मग मोजा.

२. पाठीला पाठ : एक मूल भौमितिक आकृती पाहून वर्णन करील, दुसरे न पाहता काढील. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने गप्प राहायचे, दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायची मुभा. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. प्रत्याभरण म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळेल.

३. 'समजलं का?' बंद : एक आठवडा हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी म्हणा, "आत्ता आपण काय केलं ते आज गैरहजर असलेल्या मैत्रिणीला कसं सांगशील?" आठवड्याच्या शेवटी काय आढळले ते शिक्षकांच्या बैठकीत मांडा.

४. शिखर आणि सरासरी : वर दिलेले गणित मुलांकडून करून घ्या. नंतर विचारा, अशीच फसगत आणखी कुठे होईल? आठवड्याचा सरासरी पाऊस, वर्गाचे सरासरी गुण यांकडे मुले आपोआप वळतील.

परीक्षेसाठी बाणाची आकृती काढायला लागली तर काढावी. पण ती काढून झाल्यावर मुलांना एवढे जरूर सांगावे, की ही तारेची आकृती आहे, माणसांची नव्हे. तारेच्या टोकाशी आवाज पोचला की तारेचे काम संपते. माणसाचे काम तिथे सुरू होते : समोरचा काय म्हणू पाहतो आहे याचा अंदाज बांधणे, तो बरोबर आहे का हे त्यालाच विचारणे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याचा शब्द, तो कोणत्याही वस्तीतला असला तरी, तपासण्याच्या लायकीचा मानणे. तुमच्या वर्गात 'आँ?' म्हणायला मुले धजावू लागली, तर त्यांच्यातले कोणी पुढे साहेबाच्या खुर्चीत बसल्यावर समोरच्याला 'म्हणजे रात्री किती वाजता?' असे विचारील, अशी आशा धरायला जागा आहे.